छोट्या देशाच्या हवाई संरक्षणाचा मोठ्या शेजाऱ्याला खरंच वचक बसतो का?

तुमचा प्रश्न असा आहे : ऑपरेशन सिंदूरनंतर आपल्याकडे एस-४०० आणि आकाश ही नावं घरोघरी पोहोचली. तिकडे जेमतेम तीस लाख वस्तीच्या आर्मेनियाने आपल्याकडून आकाश क्षेपणास्त्रं विकत घेतली. ज्या देशाला लढाऊ विमानांचा ताफा पोसणं परवडत नाही, त्याने सगळा भर हवाई संरक्षणावर दिला तर बलाढ्य शेजारी हल्ल्याआधी दहादा विचार करेल का? की पहिल्याच रात्री ही सगळी यंत्रणा मातीत जाईल?

मी लष्कराच्या हवाई संरक्षण दलात उमेदीची वर्षं काढली. आधी एल-७० या विमानविरोधी तोफा, नंतर सोव्हिएत बनावटीची क्वाद्रात क्षेपणास्त्रं. त्यामुळे हा प्रश्न मला जवळचा आहे आणि त्याचं उत्तर जरा सविस्तर द्यावंसं वाटतं. वचक बसतो, पण एका अटीवर. लढाईच्या दहाव्या दिवशीही ही यंत्रणा जिवंत असेल, अशी शेजाऱ्याची युद्धाआधीच खात्री पटलेली हवी. यंत्रणा टिकणं आणि ती टिकेल हे शेजाऱ्याला पटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अनेक देशांना पहिली जमली, दुसरी जमली नाही.

आधी हल्ला करणाऱ्याच्या बाजूने बघू. बलाढ्य देशाची योजना बहुतेक वेळा वेगावर उभी असते. पहिल्या तीन-चार दिवसांत समोरच्याची रडारं, धावपट्ट्या आणि नियंत्रण केंद्रं मोडायची, मग पंधरा ते तीस हजार फुटांच्या पट्ट्यात आपली विमानं निर्धास्त फिरवायची. हा पट्टा सोन्यासारखा. तिथून खालचे रस्ते, पूल, वाहनांचे तांडे नीट दिसतात, आणि खालच्या तोफा किंवा खांद्यावरून डागायची क्षेपणास्त्रं तिथे पोहोचत नाहीत. छोट्या देशाच्या मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांचं खरं काम हा पट्टा बंद करणं हे आहे. तो बंद झाला की वैमानिकासमोर तीन वाटा उरतात. खाली उतरून तोफांच्या तोंडी जायचं, किंवा लांब राहून महागडी अस्त्रं टाकायची. तिसरी वाट म्हणजे सोबत रडार आंधळं करणारी जॅमर विमानं, रडारवर सोडायच्या क्षेपणास्त्रांची विमानं, संरक्षणाला लढाऊ विमानं आणि इंधन भरणारी विमानं असा सगळा लवाजमा घेऊन यायचं. मग उडालेल्या विमानांपैकी बॉम्ब वाहणारी थोडीच उरतात. एकही क्षेपणास्त्र न उडता बचाव करणाऱ्याने हे साधलेलं असतं.

व्हिएतनाममध्ये हे पहिल्यांदा स्पष्ट दिसलं. २४ जुलै १९६५ रोजी जमिनीवरून डागायच्या सोव्हिएत बनावटीच्या सॅम-२ क्षेपणास्त्राने अमेरिकेचं एक फँटम लढाऊ विमान पाडलं. त्यानंतरच्या वर्षांत डागलेल्या क्षेपणास्त्रांपैकी फारच थोडी लागली, पण त्यांना चुकवायला विमानं खाली यायची आणि तिथे तोफा टपलेल्या असायच्या. अमेरिकेची सर्वाधिक विमानं या तोफांनी खाल्ली. डिसेंबर १९७२ मध्ये हनोईवर अकरा दिवस जो बॉम्बवर्षाव झाला, त्यात पंधरा बी-५२ बॉम्बफेकी विमानं पडली. ती विमानं अणुयुद्धासाठी बांधलेली होती, हे लक्षात घेतलं तर त्या आकड्याचं वजन कळतं.

इजिप्तचं उदाहरण मला सर्वांत शिकवणारं वाटतं. इजिप्त काही छोटा देश नव्हे. पण १९६७ मध्ये त्याचं हवाई दल जमिनीवरच जळालं होतं आणि हवेत इस्रायलपुढे तो पूर्ण दुबळा होता. इजिप्तने त्यातून एक कठोर निष्कर्ष काढला : विमानाला विमानाने उत्तर देणं आपल्याला जमणार नाही, तेव्हा तो नादच सोडायचा. १९६८ मध्ये हवाई संरक्षण हे सैन्याचं स्वतंत्र अंग केलं गेलं. सुएझ कालव्याच्या काठाने सॅम-२, सॅम-३, सॅम-६, शिल्का तोफा आणि खांद्यावरची स्ट्रेला अशी एकमेकांत गुंफलेली क्षेपणास्त्रांची छत्री उभी राहिली. सॅम-६ म्हणजे आमच्याकडच्या क्वाद्रातचीच जात. ऑक्टोबर १९७३ मध्ये इजिप्तच्या पायदळाने कालवा ओलांडला, तेव्हा त्याला हाणून पाडायला आलेल्या इस्रायली विमानांना पहिल्या दिवसांत जबर फटका बसला. त्या संपूर्ण युद्धात इस्रायलची शंभराच्या आसपास विमानं गेली, आणि ज्या हवाई दलाने सहा वर्षांपूर्वी सकाळच्या काही तासांत युद्ध जिंकलं होतं त्याला कालव्याजवळ जपून उडावं लागलं.

आता पुढचा भाग, जो कौतुक करणारे सहसा सांगत नाहीत. १४ ऑक्टोबरला, दुसऱ्या आघाडीवर इस्रायलशी लढणाऱ्या सीरियावरचा ताण कमी करण्यासाठी इजिप्तचे रणगाडे छत्रीबाहेर, सिनाईतल्या खिंडींच्या दिशेने निघाले. त्या एका दिवसात सुमारे अडीचशे रणगाडे गेले. दोन रात्रींनी इस्रायली तुकड्या कालवा उलटा ओलांडून पश्चिम तीरावर उतरल्या आणि क्षेपणास्त्रांचे तळ त्यांनी जमिनीवरून, रणगाड्यांनी मोडायला सुरुवात केली. छत्रीला भोक पडलं ते खालून. हवाई संरक्षणाच्या बॅटरीला, म्हणजे रडार आणि लाँचर यांच्या तुकडीला, स्वतःचं पायदळ लागतं, पहारा लागतो, मागे सरकायला जागा लागते. नकाशावर काढलेली वर्तुळं पाहून ज्यांना सुरक्षित वाटतं, त्यांना मी नेहमी १४ ते १८ ऑक्टोबर या दिवसांचा अभ्यास करायला सांगतो.

आणि नऊ वर्षांनी लेबनॉनमधल्या बेका खोऱ्यात काय झालं? ९ जून १९८२ रोजी इस्रायलने सीरियाच्या १९ पैकी १७ क्षेपणास्त्र बॅटऱ्या एका दुपारी नष्ट केल्या. आधी चालकरहित विमानं पाठवून रडारं चालू करायला लावली, त्यांचे संकेत टिपले, मग मारा केला. सीरियाची यंत्रणा जवळपास तीच होती, ज्या जातीच्या यंत्रणेने १९७३ मध्ये इस्रायलला घाम फोडला होता. पण त्या बॅटऱ्या त्याच त्या जागी बसून राहिल्या होत्या. उभी राहिलेली बॅटरी म्हणजे फक्त एक पत्ता असतो, आणि पत्ता माहीत असला की बाकी प्रश्न दारूगोळ्याचा उरतो.

क्वाद्रातच्या बॅटरीत चार लाँचर आणि एक रडारगाडी असायची. ती एक गाडी गेली की उरलेली चार वाहनं, त्यांच्यावरच्या बारा क्षेपणास्त्रांसकट, नुसतं लोखंड. म्हणून आम्हाला पहिल्या दिवसापासून जे शिकवलं जायचं ते नेमबाजीच्या आधी होतं : रडार केव्हा बंद ठेवायचं, जागा कधी सोडायची, केबल गुंडाळून किती पटकन निघायचं. पाहणाऱ्याला हे कंटाळवाणं वाटतं. आमच्या धंद्यातलं जगणं-मरणं मात्र यावर ठरतं. क्वाद्रातनंतर आलेल्या बुक यंत्रणेत पुढे प्रत्येक लाँचरला स्वतःचं रडार दिलं गेलं, ते याच दुखण्यावरचा उपाय म्हणून. २००८ च्या ऑगस्टमध्ये जॉर्जियाच्या मोजक्या बुक लाँचरनी रशियाचं टीयू-२२एम हे मोठं बॉम्बफेकी विमान पाडलं, तेव्हा खुद्द रशियाला धक्का बसला होता. अर्थात पाच दिवसांत जॉर्जिया हरला, कारण रशियाचे रणगाडे कॉकेशस डोंगरातल्या रोकी बोगद्यातून येत होते आणि त्यांना अडवायला खाली काही नव्हतं.

१९९९ मध्ये नाटोने सर्बियावर बॉम्बहल्ले केले, ते उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहे ते एफ-११७ मुळे. २७ मार्चच्या रात्री बुजानोव्त्सी गावाजवळ कर्नल झोल्तान दानी यांच्या बॅटरीने साठच्या दशकातल्या नेव्हा क्षेपणास्त्राने अमेरिकेचं हे 'अदृश्य' विमान पाडलं. मला त्यांच्या त्या रात्रीपेक्षा अठ्ठ्याहत्तर दिवसांच्या संपूर्ण युद्धाचं अप्रूप जास्त आहे. रडार काही सेकंदच चालू, मग बंद. पुन्हापुन्हा जागा बदलायची, जुन्या विमानांची रडारं आमिष म्हणून लावायची. नाटोने शेकडो रडारभेदी क्षेपणास्त्रं सोडली, तरी शेवटच्या दिवसापर्यंत नाटोचे वैमानिक बहुतांशी पंधरा हजार फुटांच्या वरच राहिले आणि जॅमर विमानांशिवाय आत शिरायला तयार नव्हते. कोसोवोतलं सर्ब सैन्य त्यामुळे बऱ्यापैकी शाबूत बाहेर पडलं. पण बेलग्रेडचे पूल, वीज, कारखाने वाचले नाहीत. पूल जागचा हलत नाही, त्यामुळे तो वरूनही लागतो. सर्बियाची यंत्रणा टिकली, कारण तिने फार कमी वेळा मारा केला. आणि ती देश वाचवू शकली नाही, त्याचंही कारण हेच. टिकणं आणि लढणं यांतली ही ओढाताण प्रत्येक छोट्या देशाच्या वाट्याला येते, तिच्यातून सुटका नाही. राजधानीवर बॉम्ब पडत असताना बॅटरीला गप्प बसायला सांगणारा सेनापती आणि ते सहन करणारं सरकार, दोन्ही लागतं.

आता युक्रेन. २४ फेब्रुवारी २०२२ च्या पहाटे रशियाने जी ठिकाणं फोडली, त्यांतल्या बऱ्याच जागांवरून फिरत्या बॅटऱ्या आधीच हलल्या होत्या. हलवाहलव इतकी शेवटच्या घटकेला झाली की पहिले दोन-तीन दिवस युक्रेनचं स्वतःचं जाळंही विस्कटलेलं होतं. त्या दिवसांत रशियाची विमानं खोलवर शिरत होती. पण रशियाने नुकसान किती झालं हे नीट तपासलं नाही, एस-३०० आणि बुकच्या बॅटऱ्या पुन्हा जोडल्या गेल्या, आणि मार्चच्या सुरुवातीला चित्र बदललं. मधला पट्टा बंद झाला. रशियन विमानं खाली आली, खाली स्टिंगर आणि इग्ला ही खांद्यावरची क्षेपणास्त्रं घेऊन माणसं उभी होती. ५ मार्चला चेर्निहिव्हवर सुखोई-३४ पडलं, त्या आठवड्यात आणखी बरीच पडली. मग ती फक्त रात्री येऊ लागली, आणि शेवटी आघाडीच्या पलीकडूनच मारा करू लागली. व्हिएतनाममध्ये झालं तेच पन्नास वर्षांनी, जवळपास त्याच क्रमाने.

जगातलं दुसऱ्या क्रमांकाचं म्हणवलं जाणारं हवाई दल शेजारच्या देशाच्या आकाशात आजही मोकळं फिरू शकत नाही. कीव्हकडे निघालेल्या रशियन तुकड्यांवर वरून छत्र नव्हतं, हे त्या तुकड्या परत फिरण्याचं एक मोठं कारण होतं. माझ्या मते आपल्या काळातलं हवाई संरक्षणाचं याहून मोठं यश नाही.

तरीही इथेच तुमच्या प्रश्नाचा खरा पेच आहे. हीच यंत्रणा युद्ध टाळू शकली नाही. युक्रेनकडे किती एस-३०० आहेत, त्यांचे कच्चे दुवे कोणते, हे मॉस्कोला तोंडपाठ होतं. ती यंत्रणा सोव्हिएत काळातली, म्हणजे त्यांनीच बांधलेली. आकडा माहीत असूनही वचक बसला नाही, कारण ती चालवणारी माणसं टिकून लढतील यावर क्रेमलिनचा विश्वास नव्हता. वचक हा लोखंडाचा नसतो, तो शेजाऱ्याच्या अंदाजात असतो. अंदाज चुकीचा असेल तर उत्तम बॅटरीसुद्धा त्याला घरी थांबवू शकत नाही.

त्यामुळे मी वचकाचे दोन प्रकार करतो. एक, युद्धच टाळणारा. दुसरा, युद्ध सुरू झाल्यावर शत्रूला हात आखडता घ्यायला लावणारा. टिकून राहिलेलं हवाई संरक्षण दुसरा वचक हमखास देतं. पहिला देतं तो फक्त दोन परिस्थितींत. शेजाऱ्याला मोठं युद्ध नकोच असेल, झटपट आणि स्वस्तात उरकायचं असेल, तर त्याचा हिशेब मोडतो. किंवा मग छोट्या देशामागे कुणी मोठा मित्र उभा असेल आणि त्याला यायला काही दिवस लागणार असतील. एस्टोनिया आणि लाटव्हिया यांनी २०२३ मध्ये एकत्र येऊन जर्मनीची आयरिस-टी यंत्रणा मागवली, लिथुआनियाकडे नॉर्वेची नासाम्स आहे. या तीन देशांकडे स्वतःची लढाऊ विमानं नाहीत, २००४ पासून नाटोची विमानं आळीपाळीने त्यांच्या आकाशावर पहारा देतात. त्यांच्या मोजक्या बॅटऱ्या रशियाला एकट्याने हरवू शकत नाहीत. बंदरं आणि विमानतळ पहिले काही दिवस चालू ठेवणं, म्हणजे मदत उतरायला जागा उरेल, एवढंच त्यांचं काम. पण रशियाच्या नियोजकाला 'चार दिवसांत संपवू' असं छातीठोकपणे लिहिता येणार नाही, आणि वचक म्हणतात तो हाच.

यातून एक विरोधाभास उभा राहतो. वचक बसायचा तर यंत्रणा शेजाऱ्याला दिसायला हवी. टिकायची तर सापडायला नको. आपल्याकडे म्हणतात झाकली मूठ सव्वा लाखाची, पण मूठच नाही असं शेजाऱ्याला वाटू लागलं तर सव्वा लाखाचा उपयोग काय? मला पटलेला मार्ग असा : माणसं आणि सराव दाखवायचे, जागा आणि साठे लपवायचे. परदेशी लष्करी प्रतिनिधींना बोलावून खऱ्या क्षेपणास्त्रांचा मारा करून दाखवावा. बॅटरी रात्रीत शंभर किलोमीटर हलवण्याचा सराव जाहीरपणे करावा, रस्ते अडवून, लोकांना त्रास झाला तरी. खोटे लाँचर उघड्यावर बनवावेत. कुठलं खरं आणि कुठलं खोटं हे मात्र कधी कळू देऊ नये. संचलनात क्षेपणास्त्र मिरवून शेजाऱ्याला काही कळत नाही, त्याचा आकडा त्याच्याकडे आधीच असतो.

पैशाची बाजू. आधुनिक लढाऊ विमान आठ-दहा कोटी डॉलरच्या घरात जातं, वैमानिक तयार व्हायला वर्षं लागतात, आणि त्याला धावपट्टी लागते जिचे अक्षांश-रेखांश कुणालाही फोनवर दिसतात. लाँचरचा ट्रक पुलाखाली, गोदामात, झाडीत मावतो. म्हणून छोट्या देशाने क्षेपणास्त्रांकडे वळणं शहाणपणाचं आहे. पण पुढे रोजचा खर्च सुरू होतो. अमेरिकेच्या पॅट्रियट यंत्रणेचं एक पीएसी-३ एमएसई क्षेपणास्त्र चाळीस लाख डॉलरच्या आसपास जातं आणि २०२४ मध्ये जगभरासाठी त्यांचं उत्पादन सुमारे ५०० होतं. समोरून येणारं शाहेद ड्रोन वीस ते पन्नास हजार डॉलरचं, आणि रशिया एकेका रात्री शेकड्यांनी सोडतो. पाठवणाऱ्याला ते लागलं नाही तरी चालतं. तुमचं महाग क्षेपणास्त्र खर्च झालं की त्याचं काम झालं.

युक्रेनने यावर काढलेला तोडगा अभ्यासण्यासारखा आहे. खांबांवर लावलेले हजारो स्वस्त मायक्रोफोन ड्रोनचा आवाज टिपतात, त्यावरून मार्ग काढला जातो, आणि पिकअप गाड्यांवर मशिनगन लावलेली पथकं वाटेत जाऊन थांबतात. पॅट्रियट फक्त बॅलिस्टिक क्षेपणास्त्रांसाठी राखून ठेवायचं. मे २०२५ मध्ये आपल्या सीमेवर ड्रोन आले तेव्हा सुधारलेल्या एल-७० तोफा कामाला आल्या हे लष्करानेच सांगितलं. ज्या तोफेवर मी घडलो तिला लोक संग्रहालयातली वस्तू समजू लागले होते, त्यामुळे ते ऐकून मला मनापासून आनंद झाला. तोफेचा गोळा स्वस्त असतो आणि त्याला जॅम करता येत नाही.

तोफांची गरज आणखी एका कारणाने आहे, ते म्हणजे पृथ्वीची गोलाई. जाहिरातीत क्षेपणास्त्राचा पल्ला चारशे किलोमीटर लिहिलेला असतो. पण रडारचा अँटेना जमिनीपासून दहा मीटरवर असेल आणि विमान पन्नास मीटर उंचीवरून येत असेल, तर ते सपाट मैदानातही जेमतेम चाळीस-बेचाळीस किलोमीटरवर दिसतं. ताशी नऊशे किलोमीटर वेगाने ते अंतर तीन मिनिटांत संपतं. डोंगराळ देशात तर पलीकडची दरी दिसतच नाही. तेव्हा एक मोठी, महाग, लांब पल्ल्याची यंत्रणा घेऊन राजधानीशेजारी उभी केली की काम झालं, असं सांगणाऱ्या विक्रेत्यावर कुठल्याही छोट्या देशाने विश्वास ठेवू नये. लांब पल्ल्याच्या बॅटरीला राखायला मध्यम पल्ल्याची, तिला राखायला तोफा, आणि या सगळ्यांना एकच चित्र दाखवणारं जाळं. आपल्याकडे आकाशतीर हेच काम करतं. जाळं नसेल तर चार चांगल्या बॅटऱ्या एकाच लक्ष्यावर आठ क्षेपणास्त्रं उडवतात आणि दुसरं लक्ष्य मोकळं सोडतात.

माल कुणाकडून घ्यायचा, हाही लढाईचाच भाग आहे. फिनलंडने १९९० च्या दशकात रशियाकडून जुन्या कर्जाच्या बदल्यात बुक यंत्रणा घेतली होती. पुढे त्यांनी ती काढून नासाम्स आणली, कारण ज्याच्यापासून घर राखायचं त्याच्याकडूनच कुलूप घेतलं तर दुसरी किल्ली त्याच्याकडे असते. तैवान आपली तिएन कुंग क्षेपणास्त्रं स्वतः बनवतो, त्यामागेही हाच विचार आहे : वेढा पडला तर बाहेरून काही येणार नाही.

आता आर्मेनिया, ज्याच्यामुळे तुम्ही प्रश्न विचारलात. २७ सप्टेंबर २०२० ला सुरू झालेल्या चव्वेचाळीस दिवसांच्या युद्धात, आर्मेनिया आणि अझरबैजान ज्यासाठी लढत होते त्या काराबाखच्या आकाशात जे झालं ते आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाने वाचायला हवं. अझरबैजानने जुनी एएन-२ विमानं चालकाविना सोडली. आर्मेनियाच्या बॅटऱ्यांनी त्यांच्यावर रडार लावलं, जागा उघड झाल्या, आणि वर घिरट्या घालणाऱ्या हारोप आणि बायरक्तार ड्रोननी त्या टिपल्या. आर्मेनियाच्या जुन्या ओसा क्षेपणास्त्र यंत्रणेची उंचीची मर्यादा साधारण पाच किलोमीटर. बायरक्तार त्याच्या वरून बघत होतं. एस-३०० चे लाँचर उघड्यावर, त्याच जागी उभे असलेले चित्रफितींत दिसतात. चाळीस वर्षांनी बेका खोऱ्याचीच पुनरावृत्ती. आणि ज्या रशियावर आर्मेनिया विसंबून होता, तो लढायला आला नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये उरलेलं काराबाख एका दिवसात गेलं आणि एक लाखाहून अधिक माणसं घरदार सोडून निघाली. हवाई संरक्षण कोसळल्याची किंमत ही अशी माणसांत मोजावी लागते.

त्यानंतर आर्मेनियाने भारताकडून आकाश घेतलं. पहिली खेप २०२४ च्या अखेरीस गेली. या यंत्रणेचा लाँचर पुण्यात दिघीच्या संरक्षण संशोधन संस्थेने खाजगी उद्योगांबरोबर विकसित केला, त्यामुळे मराठी वाचकाला तिच्याबद्दल आपलेपणा वाटणं स्वाभाविक आहे. मलाही वाटतो. आकाश सुमारे पंचवीस किलोमीटरपर्यंत आणि बायरक्तारच्या खूप वरपर्यंत मारा करतं, एका वेळी अनेक लक्ष्यांवर नजर ठेवतं. काराबाखवर जो मधला पट्टा उघडा पडला होता तो आकाश झाकू शकतं. पण क्षेपणास्त्राला शेवटपर्यंत मार्ग दाखवणारं राजेंद्र रडार हाच तिचा प्राण आहे. ते हललं नाही, लपलं नाही, त्याच्याभोवती ड्रोन पाडणाऱ्या तोफा नसल्या, तर क्वाद्रातबद्दल वर सांगितलं तेच होईल. आकाश किती चांगलं आहे याची चर्चा आपल्याकडे खूप होते. आर्मेनियाच्या बॅटऱ्या महिन्यातून किती वेळा जागा बदलतात, याची होत नाही.

एक गोष्ट राहिली, आणि ती मी टाळू इच्छित नाही. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी बडगामजवळ आपलंच एमआय-१७ हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पडलं. हवाई दलाचे सहा जण, त्यांत नाशिकचा एक तरुण स्क्वाड्रन लीडर, आणि खाली एक नागरिक गेला. जुलै २०१४ मध्ये युक्रेनच्या पूर्व भागावर बुकने मलेशियाचं प्रवासी विमान पाडलं, २९८ जीव गेले. जानेवारी २०२० मध्ये इराणने तेहरानबाहेर युक्रेनचं प्रवासी विमान पाडलं, १७६ गेले. युद्धाच्या ताणाखाली असलेल्या छोट्या देशात ही शक्यता सर्वांत मोठी असते : आकाश अरुंद, वेळ तीन मिनिटांची, आणि पडद्यावरचा ठिपका कोणाचा हे सांगणारी यंत्रणा बंद किंवा अपुरी. अशा एका चुकीने मित्रदेश दूर जातात, विमान कंपन्या उड्डाणं थांबवतात, आणि पुढच्या वेळी बटणावरचं बोट कचरतं. शेजाऱ्याला तेवढं पुरतं. म्हणून नागरी विमान वाहतुकीशी चोवीस तास जोडलेली दूरध्वनी लाइन आणि आपलं-परकं ओळखणारी संकेतयंत्रणा या दोन्ही क्षेपणास्त्रांच्याही आधी विकत घ्याव्यात, असं मी म्हणेन.

पैसा कशावर घालावा असं कुणी छोट्या देशाचा संरक्षणमंत्री विचारेल तर माझा क्रम असा असेल : आधी रडारांचं आणि ऐकणाऱ्या उपकरणांचं जाळं, मग भरपूर तोफा आणि खांद्यावरची क्षेपणास्त्रं, मग फिरत्या मध्यम पल्ल्याच्या बॅटऱ्या जितक्या जमतील तितक्या. लांब पल्ल्याची बॅटरी शेवटी, आणि तीही फक्त राजधानी आणि एखादं बंदर यांच्यासाठी. प्रत्येक लाँचरमागे एकदा भरण्यापुरती नाही, किमान तीनदा भरण्याइतकी क्षेपणास्त्रं पहिल्या करारातच मागवावीत, कारण युद्ध लागल्यावर रांगेत उभं राहावं लागतं आणि रांगेत पुढे कोण असेल हे कारखान्याचा देश ठरवतो. लढाऊ विमानं पूर्ण सोडू नयेत. शांततेच्या काळात सीमेत घुसणाऱ्या विमानाला क्षेपणास्त्राने पाडणं परवडत नाही, त्याच्या शेजारी जाऊन त्याला बाहेर काढणारं कुणीतरी लागतं. त्यासाठी डझनभर पुरतात. आणि बॅटरीचे अधिकारी दर दोन वर्षांनी बदलू नयेत. जागा निवडण्याची, रडार बंद ठेवण्याची नजर त्याच भूभागावर त्याच माणसांना वर्षानुवर्षं फिरवल्याशिवाय येत नाही.